दुसऱ्याच्या मेलबॉक्समधून मेल पाठवण्याची परवानगी : कोणती द्यायची, कुठे द्यायची आणि किती थांबायचं

मेलबॉक्स उघडतो, जुने मेल वाचता येतात, सगळे फोल्डर दिसतात. पण ‘सेंड’ दाबलं की मेल परत. या तक्रारीत चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते. मेलबॉक्स दिसतोय म्हणजे त्यातून पाठवताही येणार, असं मागणाराही धरून चालतो आणि देणाराही. या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि पाठवण्याच्या परवानगीचेही दोन प्रकार आहेत. दुसरी नेहमीची चूक घाईची. परवानगी दिल्यावर दोन मिनिटांत चाचणी घ्यायची, ती फसली की दुसरी परवानगी द्यायची, मग तिसरी. शेवटी मेल जातो, पण कशामुळे गेला ते कोणालाच सांगता येत नाही आणि सहायकाला गरजेपेक्षा तिप्पट अधिकार मिळालेले असतात.

खालचे टप्पे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्स्चेंज ऑनलाइनसाठी, म्हणजे संस्थांच्या मेल सेवेसाठी, आहेत. जीमेलचा वेगळा भाग पुढे आहे. ज्याच्या नावाने मेल जाणार त्याला मी ‘मालक’ म्हणतो, आणि प्रत्यक्षात जो पाठवणार त्याला ‘प्रतिनिधी’.

## टप्पा १ : नेमकं काय हवंय ते ठरवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढची कामं पाच मिनिटांची आहेत. इथे चुकलं तर ती परत परत करावी लागतात.

फुल ॲक्सेस. ॲडमिन सेंटरमध्ये (ॲडमिन जिथून सगळी खाती सांभाळतो त्या वेबपानावर) हिचं नाव ‘रीड अँड मॅनेज’ असं दिसतं. प्रतिनिधीला मालकाचा मेलबॉक्स उघडता येतो, मेल वाचता येतात, हलवता येतात, पुसताही येतात. कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट्सही त्यात आले. मेल पाठवता मात्र येत नाही. नावातल्या ‘फुल’वर जाऊ नका.

सेंड ॲज. प्रतिनिधीने पाठवलेला मेल थेट मालकाने पाठवल्यासारखा दिसतो. मेल घेणाऱ्याला प्रतिनिधीचं नाव कुठेच दिसत नाही.

सेंड ऑन बिहाफ. मेल मालकाच्या वतीने जातो आणि तसं सांगतोही: आउटलुकमध्ये ‘अमुक, तमुकच्या वतीने’ अशा अर्थाची ओळ दिसते. मेलच्या हेडरमध्ये (मेलसोबत जाणाऱ्या तपशिलात) ‘फ्रॉम’ला मालक असतो आणि ‘सेंडर’ला प्रतिनिधी. काही मेल ॲप ही दुसरी ओळ ठळक दाखवतात, काही दाखवतच नाहीत. म्हणून ‘समोरच्याला कळेलच’ यावर विसंबू नका.

एकाच माणसाला सेंड ॲज आणि सेंड ऑन बिहाफ दोन्ही दिल्या तर सेंड ॲज चालते. ‘दोन्ही टिक करून ठेवू, जी लागेल ती वापरेल’ असा विचार करणाऱ्यांची इथे फसगत होते. प्रतिनिधीला निवड करता येत नाही. त्याचं नाव कधीच दिसणार नाही.

मग कोणती निवडायची? माझा कल असा: मेलबॉक्स माणसाचा असेल तर सेंड ऑन बिहाफ, कामाचा असेल तर सेंड ॲज. लेखा विभाग, तक्रार निवारण, भरती अशा पत्त्यांवरून उत्तर कोणी टाइप केलं याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नसतं. पण संचालकांच्या नावाने त्यांच्या सहायकाने लिहिलेला मेल त्यांनीच लिहिला असं भासवायचं असेल, तर तो निर्णय संचालकांचा. ॲडमिनचाही नाही, सहायकाचाही नाही. ‘साहेब म्हणालेत’ एवढ्यावर सेंड ॲज देऊ नका. मालकाकडून दोन ओळींचा मेल मागून घ्या आणि तिकिटाला (मागणीच्या नोंदीला) जोडून ठेवा.

मग पुढचा प्रश्न, जो क्वचितच कोणी विचारतं: प्रतिनिधीला आलेले मेल वाचायचे आहेत का? नुसतं पाठवायचं असेल, उदाहरणार्थ बैठकीची निमंत्रणं किंवा ठरावीक सूचना, तर फुल ॲक्सेस देण्याची गरजच नाही. सेंड ॲज किंवा सेंड ऑन बिहाफ एकटी दिली तरी चालते; प्रतिनिधी स्वतःच्याच मेलबॉक्समधून फ्रॉममध्ये मालकाचा पत्ता टाकून पाठवतो. पगार, नेमणुका, तक्रारी यांचे मेल ज्या इनबॉक्समध्ये येतात तो निमंत्रणं पाठवणाऱ्यासमोर उघडा कशाला करायचा? उलट आलेल्या मेलना उत्तर द्यायचं असेल तर वाचणं आलंच, आणि मग दोन परवानग्या लागतात: एक उघडायची, एक पाठवायची.

मधला मार्गही आहे. क्लासिक आउटलुकमध्ये (डेस्कटॉपवरच्या जुन्या आउटलुकमध्ये) मालक स्वतः ‘फाइल’, ‘अकाउंट सेटिंग्ज’, ‘डेलिगेट ॲक्सेस’ या वाटेने प्रतिनिधी नेमू शकतो. तिथे प्रत्येक फोल्डरसाठी वेगळा अधिकार ठरवता येतो: कॅलेंडरला ‘एडिटर’, इनबॉक्सला ‘रिव्ह्युअर’ (फक्त वाचणं) किंवा काहीच नाही. या वाटेने सेंड ऑन बिहाफ मिळते. सेंड ॲज मालकाला स्वतःहून देता येत नाही. ती ॲडमिनलाच द्यावी लागते.

सावधान: पासवर्ड देणं ही यातली कुठलीच पद्धत नाही. लॉगिनचा कोड मालकाच्या फोनवर येतो, मालक बैठकीत असतो, प्रतिनिधी फोन करत राहतो. पुढे एखाद्या मेलवरून वाद झाला तर नोंदीत फक्त मालकाचं नाव सापडतं. आधीच पासवर्ड वाटला गेला असेल तर परवानगी देऊन झाल्यावर त्याच दिवशी तो बदलायला लावा.

तपासा: पुढे जाण्याआधी एका वाक्यात लिहून बघा. ‘अमुकने तमुकच्या नावाने, स्वतःचं नाव दाखवून, इनबॉक्स न वाचता पाठवायचं.’ हे वाक्य पूर्ण करता येत नसेल तर मागणाऱ्याला परत विचारा.

## टप्पा २ : हात लावण्याआधीची तयारी

१. स्वतःचा अधिकार. तुमच्याकडे एक्स्चेंज ॲडमिनिस्ट्रेटरची भूमिका किंवा रेसिपियंट मॅनेजमेंट गटाचं सदस्यत्व हवं.

२. पत्ता मुख्य आहे की उपपत्ता? एका मेलबॉक्सला अनेक पत्ते जोडलेले असू शकतात. परवानगी मेलबॉक्सला लागू होते आणि मेल साधारणपणे मुख्य पत्त्यावरूनच जातो. ‘माहिती’ हा पत्ता मुळात कोणाच्या तरी मेलबॉक्सचा उपपत्ता असेल, तर सेंड ॲज देऊनही समोरच्याला मुख्य पत्ता दिसेल. उपपत्त्यावरून पाठवण्यासाठी संपूर्ण संस्थेला लागू होणारं वेगळं सेटिंग चालू करावं लागतं. माझ्या मते अशा पत्त्याचा स्वतंत्र शेअर्ड मेलबॉक्स, म्हणजे अनेकांनी मिळून वापरायचा मेलबॉक्स, करणंच बरं. ५० जीबीपर्यंत त्याला वेगळा परवाना लागत नाही. तो वापरणाऱ्या प्रत्येकाकडे मात्र स्वतःचा परवाना हवा.

३. मेलबॉक्स पत्त्यांच्या यादीतून लपवलेला आहे का? संस्थेच्या ॲड्रेस लिस्टमधून लपवलेल्या मेलबॉक्सच्या नावाने डेस्कटॉप आउटलुकमधून पाठवायला गेलं की मेल अडतो, परवानगी बरोबर असली तरी. आउटलुकला ते नाव यादीत सापडावं लागतं. ‘हाइड फ्रॉम ॲड्रेस लिस्ट’ चालू असेल तर आधी ते बंद करा.

४. दोन्ही मेलबॉक्स क्लाउडवर आहेत का? काही मेलबॉक्स संस्थेच्या स्वतःच्या सर्व्हरवर आणि काही क्लाउडवर असतील तर सेंड ॲज आपोआप इकडून तिकडे जात नाही. ती दोन्ही बाजूंना वेगवेगळी द्यावी लागते. अशा मिश्र (हायब्रिड) व्यवस्थेत ‘काल चालत होतं, मेलबॉक्स हलवल्यापासून बंद पडलं’ ही तक्रार आली की पहिला संशय इथेच घ्या.

५. व्यक्तीला की गटाला? पाच-सहा जणांना द्यायची असेल तर गट सोयीचा. पण तो मेल-एनेबल्ड सिक्युरिटी ग्रुप (मेल पत्ता असलेला आणि अधिकार देता येणारा गट) हवा. साधी वितरण यादी इथे उपयोगाची नाही. गटातून फुल ॲक्सेस दिली तर मेलबॉक्स प्रत्येकाच्या आउटलुकमध्ये आपोआप येत नाही, हाताने जोडावा लागतो. तेवढी सूचना सदस्यांना आधीच देऊन ठेवा, नाहीतर सहा तिकिटं येतील.

६. बाहेरचा एक पत्ता. चाचणीसाठी संस्थेबाहेरचा मेल पत्ता तयार ठेवा. कशासाठी, ते सहाव्या टप्प्यात.

## टप्पा ३ : परवानगी द्या, मालकाच्या मेलबॉक्सवर

नवखे ॲडमिन हमखास चुकतात ती ही जागा. ते प्रतिनिधीचं खातं उघडतात आणि त्यात ‘याला कोणाच्या नावाने पाठवू द्यायचं’ ते शोधत बसतात. उलटं आहे. परवानगी मालकाच्या मेलबॉक्सवर नोंदली जाते, म्हणून आधी मालक उघडायचा आणि त्यात प्रतिनिधी जोडायचा. उलट जोडलंत तर संचालकांना सहायकाच्या नावाने मेल पाठवता येईल, आणि ते बरेच दिवस कोणाच्या लक्षातही येणार नाही.

१. एक्स्चेंज ॲडमिन सेंटर उघडा. ‘रेसिपियंट्स’मध्ये ‘मेलबॉक्सेस’वर जा.

२. मालकाचं नाव शोधून त्यावर क्लिक करा. उजवीकडून पट्टी उघडेल.

३. त्यातला ‘डेलिगेशन’ टॅब निवडा. ‘सेंड ॲज’, ‘सेंड ऑन बिहाफ’ आणि ‘रीड अँड मॅनेज’ असे तीन भाग दिसतील.

४. पहिल्या टप्प्यात ठरवलेल्या भागाचंच ‘एडिट’ दाबा. आधीपासून कोणाची नावं आहेत ती वाचून घ्या. जुन्या माणसाचं नाव तिथे सापडणं नेहमीचं आहे.

५. ‘ॲड मेंबर्स’मधून प्रतिनिधी निवडा. एकाच नावाची दोन माणसं असतील तर नावावर जाऊ नका, पत्ता बघून निवडा.

६. सेव्ह करा आणि पुष्टी द्या.

७. वाचणंही लागणार असेल तर ‘रीड अँड मॅनेज’साठी हेच पुन्हा करा.

मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटरमधूनही हे जमतं: ‘ॲक्टिव्ह यूजर्स’, मालकाचं नाव, ‘मेल’ टॅब, ‘मेलबॉक्स परमिशन्स’. दोन्हीकडून केलं तरी नोंद तीच होते. एकाच जागेवरून करायची सवय ठेवा, म्हणजे बघायलाही तिथेच जाल.

पॉवरशेल (आज्ञा टाइप करून काम करण्याचं साधन) वापरणाऱ्यांसाठी एक इशारा. सेंड ॲज ‘ॲड-रेसिपियंटपरमिशन’ या आज्ञेने मिळते; ती असलेल्या यादीत भर घालते. सेंड ऑन बिहाफ मात्र ‘सेट-मेलबॉक्स’ या आज्ञेच्या ‘ग्रँटसेंडऑनबिहाफटू’ या घटकाने दिली जाते, आणि तिथे नुसतं नाव लिहिलं तर आधीची सगळी यादी पुसून तेवढं एकच नाव उरतं. भर घालायची असेल तर नाव ‘ॲड’च्या कंसात द्यावं लागतं. मी हा धडा एका शुक्रवारी संध्याकाळी घेतला. नवीन सहायक जोडला आणि जुन्या तिघी बाहेर फेकल्या गेल्या. सोमवारी सकाळी तिघींचे फोन एकामागून एक आले. मी मात्र नवीन सहायकाच्या खात्यात काय बिघडलं ते शोधत बसलो होतो.

तपासा: सेव्ह केल्यावर पट्टी बंद करा, पुन्हा उघडा आणि नाव योग्य भागात आहे का ते बघा. ‘सेंड ॲज’ आणि ‘सेंड ऑन बिहाफ’ हे भाग शेजारी-शेजारी असल्याने चुकीच्या यादीत नाव जाणं सहज घडतं.

## टप्पा ४ : थांबा

परवानगी लगेच लागू होत नाही. कधी दहा मिनिटांत होते, बहुतेकदा अर्ध्या ते एका तासात. तेवढा वेळ प्रतिनिधीला ‘अजून पाठवून बघू नका’ असं स्पष्ट सांगा. चहा घ्या. हा टप्पा टाळला तर पुढचे दोन्ही बिघडतात: फसलेल्या प्रयत्नांचे परत आलेले मेल इनबॉक्समध्ये साठतात आणि नंतर त्यातला कोणता परवानगीच्या आधीचा, कोणता नंतरचा हे कोणालाच सांगता येत नाही.

फुल ॲक्सेस दिली असेल तर क्लासिक आउटलुक एकदा पूर्ण बंद करून उघडायला सांगा. मालकाचा मेलबॉक्स डावीकडे आपोआप येतो. तो आला नाही म्हणून प्रतिनिधी घाईने तोच मेलबॉक्स वेगळं खातं म्हणून जोडतो, तासाभराने आपोआप येणाराही येतो, आणि एकच मेलबॉक्स दोनदा दिसू लागतो. त्यातून विचित्र अडचणी निघतात, ज्यांचा परवानगीशी काही संबंध नसतो. एकच वाट ठेवा. आपोआप येणं नकोच असेल तर फुल ॲक्सेस काढून पॉवरशेलमधून ‘ऑटोमॅपिंग’ (हे आपोआप जोडणं) बंद ठेवून पुन्हा द्यावी लागते. ॲडमिन सेंटरमध्ये तसं बटण नाही.

## टप्पा ५ : ‘फ्रॉम’ नव्याने निवडा

पहिली चाचणी ब्राउझरमधल्या आउटलुकमधून घ्या, डेस्कटॉपवरून नाही. डेस्कटॉपचं आउटलुक पत्त्यांच्या यादीची उतरवून ठेवलेली प्रत वापरतं. ती साधारण दिवसातून एकदा ताजी होते. काल तयार केलेला मेलबॉक्स आज तिच्यात नसू शकतो. ब्राउझरमध्ये ही भानगड नाही, त्यामुळे तिथे मेल गेला तर परवानगी बरोबर आहे आणि उरलेली अडचण त्या संगणकाची आहे, हे तिथल्या तिथे ठरतं.

१. ब्राउझरमध्ये प्रतिनिधीने स्वतःच्याच खात्याने लॉगिन करावं.

२. नवीन मेल उघडून ‘ऑप्शन्स’मधून ‘शो फ्रॉम’ चालू करावं. हा रकाना सुरुवातीला लपलेला असतो. तो न दिसल्याने अनेकजण मालकाचा पत्ता ‘टू’मध्ये टाकतात आणि मेल मालकालाच जातो.

३. ‘फ्रॉम’वर क्लिक करून ‘अदर ईमेल ॲड्रेस’ निवडावं आणि मालकाचा पूर्ण मुख्य पत्ता टाइप करावा.

४. मजकूर, विषय, सेंड.

ब्राउझरमध्ये जमलं की डेस्कटॉपवर या. नवीन मेल, ‘ऑप्शन्स’ टॅब, ‘फ्रॉम’, ‘अदर ईमेल ॲड्रेस’. इथे पत्ता टाइप करू नका, ‘फ्रॉम’ बटण दाबून ॲड्रेस बुकमधून मालक निवडा. कारण असं: आधीच्या फसलेल्या प्रयत्नात टाइप केलेला पत्ता आउटलुक लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी तीच जुनी नोंद पुढे करतं. परवानगी लागू झाली तरी मेल अडत राहतो आणि सगळे सर्व्हरकडे बोट दाखवतात. फ्रॉमच्या यादीत मालकाचं नाव आधीच असेल तर शेजारच्या फुलीने ते काढा आणि ॲड्रेस बुकमधून पुन्हा घ्या. ‘दोन दिवस झाले, अजून चालत नाही’ अशा तक्रारींपैकी कितीतरी मी निव्वळ या फुलीवर बंद केल्या आहेत.

सावधान: सही बघा. फ्रॉम बदलला म्हणजे मेलखालची सही बदलली असं नाही. एकदा एका कार्यालयात संचालकांच्या नावाने गेलेल्या कडक शब्दांतल्या पत्राखाली सहायकाचं नाव, हुद्दा आणि मोबाइल नंबर गेला होता. सेंड ॲज मागितली होती ती सहायकाचं नाव दिसू नये म्हणूनच. दिवसभर उत्तरांचे फोन सहायकाला येत राहिले. मालकाच्या नावाची वेगळी सही करून ठेवा आणि सेंड दाबण्याआधी नजर एकदा खाली जाऊ द्या.

## टप्पा ६ : खरी चाचणी बाहेर

संस्थेतल्या सहकाऱ्याला मेल पाठवून ‘आला का?’ विचारणं पुरेसं नाही. संस्थेबाहेरच्या पत्त्यावर पाठवा आणि तिथे तीन गोष्टी बघा: पाठवणाऱ्याच्या जागी कोणाचं नाव आणि कोणता पत्ता आहे, प्रतिनिधीचं नाव दिसतंय की नाही (आणि ते पहिल्या टप्प्यात लिहिलेल्या वाक्याशी जुळतं का), आणि ‘रिप्लाय’ दाबल्यावर पत्ता कोणाचा येतो. मग त्या बाहेरच्या पत्त्यावरून उत्तर पाठवून ते मालकाच्या इनबॉक्समध्ये उतरतं का ते बघा. प्रतिनिधीला फुल ॲक्सेस नसेल तर ते उत्तर त्याला दिसणार नाही. हे प्रतिनिधीला आधीच माहीत हवं, नाहीतर तो आठवडाभर उत्तराची वाट बघत बसेल.

## टप्पा ७ : पाठवलेल्या मेलची प्रत

हे इतकं विसरलं जातं की वेगळा टप्पा दिला. प्रतिनिधीने मालकाच्या नावाने मेल पाठवला की त्याची प्रत सहसा प्रतिनिधीच्याच ‘सेंट आयटम्स’मध्ये पडते. मालकाला आपल्या नावाने काय गेलं ते दिसतच नाही. पाच जण मिळून एक शेअर्ड मेलबॉक्स चालवत असतील तर एकाने दिलेलं उत्तर दुसऱ्याला दिसत नाही आणि एका ग्राहकाला दोन उत्तरं जातात, बहुधा एकमेकांच्या विरुद्ध.

शेअर्ड मेलबॉक्ससाठी मायक्रोसॉफ्ट ३६५ ॲडमिन सेंटरमध्ये त्या मेलबॉक्सच्या ‘सेंट आयटम्स’ सेटिंगमध्ये दोन पर्याय आहेत: एक सेंड ॲजने गेलेल्या मेलसाठी, दुसरा सेंड ऑन बिहाफसाठी. जी परवानगी दिली असेल तिचा पर्याय चालू करा. दोन्ही चालू केले तरी बिघडत नाही. व्यक्तीच्या मेलबॉक्ससाठी हेच पॉवरशेलमधून ‘सेट-मेलबॉक्स’ने करता येतं, घटकांची नावं ‘मेसेजकॉपीफॉरसेंटॲजएनेबल्ड’ आणि ‘मेसेजकॉपीफॉरसेंडऑनबिहाफएनेबल्ड’. यानंतर प्रत दोन्हीकडे पडते. ही सोय चालू केल्यानंतरच्या मेलनाच लागू होते. आधी गेलेले मेल परत येऊन मालकाच्या फोल्डरमध्ये बसत नाहीत.

कोणीतरी पूर्वी संगणकाच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ‘डेलिगेटसेंटआयटम्सस्टाइल’ बदलून हेच साधलेलं असू शकतं. मालकाच्या फोल्डरमध्ये एकाच मेलच्या दोन प्रती दिसू लागल्या तर ती जुनी युक्ती शोधून काढून टाका.

## मेल परत आला तर

आधी परत आलेला मेल नीट वाचा. त्याचा फोटो नको, मजकूर मागवा.

‘दिलेल्या वापरकर्त्याच्या वतीने पाठवण्याची परवानगी नाही’ अशा अर्थाचा संदेश. यात ‘ऑन बिहाफ’ हे शब्द असतात म्हणून ॲडमिन जाऊन सेंड ऑन बिहाफ देतो. हा संदेश सेंड ॲज नसली किंवा अजून लागू झाली नसली तरी तसाच येतो. तुम्हाला सेंड ॲजच द्यायची असेल तर शब्दांमागे जाऊ नका: सेंड ॲजच्या यादीत नाव आहे का, एक तास झाला का, फ्रॉमची जुनी नोंद काढली का, मेलबॉक्स लपवलेला आहे का, या क्रमाने बघा. क्रम बदलू नका. पहिल्या तिन्हीत बहुतेक प्रकरणं मिटतात.

५.७.६० हा क्रमांक असलेला संदेश. ‘या प्रेषकाच्या नावाने पाठवण्याची परवानगी क्लायंटला नाही’ असा त्याचा अर्थ. माणसापेक्षा हा स्कॅनर, बिलिंगचं सॉफ्टवेअर किंवा वेबसाइटच्या फॉर्मला जास्त भेटतो: लॉगिन एका खात्याने आणि फ्रॉममध्ये पत्ता भलताच. एकतर फ्रॉममध्ये लॉगिनचाच पत्ता टाका, नाहीतर लॉगिन खात्याला त्या पत्त्याच्या मेलबॉक्सवर सेंड ॲज द्या.

मेल गेला, पण ‘च्या वतीने’ दिसतंय. सेंड ॲजऐवजी सेंड ऑन बिहाफच्या यादीत नाव गेलंय, किंवा सेंड ॲज अजून लागू व्हायची आहे आणि तोवर दुसरी चालतेय. मालकाने क्लासिक आउटलुकमधून ‘डेलिगेट ॲक्सेस’ने नेमणूक करून ठेवली असेल तरी असं दिसतं.

ब्राउझरमधून जातो, डेस्कटॉपवरून नाही. परवानगीला हात लावू नका. फ्रॉमची जुनी नोंद आणि ॲड्रेस बुकची शिळी प्रत, एवढंच बघा.

## जीमेल असेल तर

गूगल वर्कस्पेसमध्ये आधी ॲडमिनने जीमेलच्या ‘यूजर सेटिंग्ज’मध्ये ‘मेल डेलिगेशन’ चालू करावं लागतं. ते बंद असेल तर मालकाला पुढचा पर्याय दिसतच नाही. तिथेच, मेल घेणाऱ्याला मालक आणि प्रतिनिधी दोघं दाखवायचे की फक्त मालक, हेही ठरतं. मग मालकाने सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’ टॅबमध्ये ‘ग्रँट ॲक्सेस टू युवर अकाउंट’समोर प्रतिनिधीचा पत्ता जोडायचा. प्रतिनिधीला पुष्टीचा मेल येतो आणि त्यातली लिंक आठवड्याने निकामी होते. ती रजेवर असलेल्या माणसाला पाठवू नका. पुष्टीनंतर लागू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात.

मोठा फरक असा की इथे वाचणं आणि पाठवणं वेगळं करता येत नाही. प्रतिनिधी मेल वाचू, पाठवू आणि पुसू शकतो. पासवर्ड बदलू शकत नाही आणि मालकाच्या नावाने चॅट करू शकत नाही. ‘इनबॉक्स न दाखवता फक्त पाठवू द्या’ ही मागणी डेलिगेशनने पुरी होणार नाही. त्याच टॅबमध्ये ‘सेंड मेल ॲज’ नावाचं दुसरं सेटिंग आहे. नावामुळे लोक त्यालाच डेलिगेशन समजतात. ते प्रतिनिधीच्या खात्यात लावायचं असतं आणि दुसऱ्या पत्त्यावर गेलेल्या पुष्टीवर चालतं. त्याने कोणाचा इनबॉक्स उघडत नाही.

## टप्पा ८ : परवानगी काढणं

देतानाच काढायची तारीख तिकिटात लिहा. तात्पुरती रजा, प्रसूती रजा, बदली अशा कारणांनी दिलेली परवानगी कारण संपल्यावर स्वतःहून जात नाही. विभाग बदललेल्या माणसाचं खातं चालूच असतं, त्यामुळे जुन्या विभागाच्या नावाने तो अजूनही पाठवू शकतो, आणि त्याला ते आठवतही नसतं.

एक्स्चेंजमध्ये काढायचंही मालकाच्याच मेलबॉक्सवरून, त्याच ‘डेलिगेशन’ टॅबमध्ये. तिन्ही भाग उघडून बघा. सेंड ॲज काढली आणि फुल ॲक्सेस राहिली, तर पाठवणं थांबतं आणि वाचणं चालू राहतं. गटातून दिली असेल तर गटातून नाव काढा. मालकाने आउटलुकमधून स्वतः दिलेले फोल्डरचे अधिकार इथे दिसत नाहीत, ते मालकालाच काढायला सांगा. काढलेलीही लागू व्हायला वेळ लागतो, म्हणून संशयास्पद प्रकरणात नुसत्या यादीवर विसंबू नका. खात्याचं लॉगिनच बंद करा.

कोणी कोणाच्या नावाने काय पाठवलं हे नंतर शोधायचं असेल तर ऑडिटच्या नोंदींत ‘सेंडॲज’ आणि ‘सेंडऑनबिहाफ’ या क्रिया शोधा. मेल घेणाऱ्याला सेंड ॲजमध्ये प्रतिनिधी दिसला नाही तरी या नोंदीत दिसतो. नोंदी कायम राहत नाहीत. सर्वसाधारण योजनेत त्या १८० दिवस टिकतात, त्यामुळे वाद निघाला की लगेच उतरवून घ्या.

यादी तपासताना नावाच्या जागी ‘एस-१-५-२१’ने सुरू होणारी आकड्यांची लांब ओळ दिसली तर ती कोणी घुसखोर नाही. ज्याचं खातं पुसलं गेलं, त्याची मागे उरलेली नोंद आहे. ती काढून टाका, म्हणजे पुढच्या वेळी यादी वाचणाऱ्याला तिच्यासाठी थांबावं लागणार नाही.